दिवस गेल्यानंतरचे दिवस

(इंदूरमधल्या एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तिळगूळ वाटून झालाय, आता मी बोलणार आहे गर्भपातावर. निमंत्रणावर 'स्त्रियांचं आरोग्य' असं छापलंय. मंडळाच्या ताईंनी मला फोन करून विचारलं होतं, "शब्द जरा सौम्य ठेवला तर चालेल का, घरातली वडीलधारी माणसं वाचतात." मी म्हटलं, पत्रिकेवर काय हवं ते छापा, बोलताना मी तोच शब्द वापरणार. त्याला कारण आहे. चौतीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्यासमोर बसलेल्या बायकांपैकी हा शब्द उच्चारणाऱ्या फार थोड्या. आपल्या घरातली बाई म्हणते, "डॉक्टर, पाळी चुकलीये, काहीतरी द्या." धारकडची म्हणते, "मैडम, सफाई कर दो." शिकलेली असेल तर "क्युरेटिंग करायचं होतं." मेडिकलच्या काउंटरवर नवरा नुसतं "किट दो" म्हणतो आणि दुकानदार पाकीट कागदात गुंडाळून देतो. ज्या गोष्टीचं नाव घेता येत नाही, तिच्याबद्दल प्रश्न तरी कसा विचारणार?

आपल्याकडे गरोदर राहण्याला 'दिवस गेले' म्हणतात. माझा सगळा विषय या दोन शब्दांत आहे. दिवस गेलेत हे कळल्यापासून ती बाई योग्य माणसासमोर येऊन बसेपर्यंत आणखी किती दिवस जातात, त्यावर तिचं पुढचं सगळं ठरतं. सातव्या-आठव्या आठवड्यात, शिकलेल्या हातांनी, स्वच्छ जागी केलेला गर्भपात बाळंतपणापेक्षा कमी धोक्याचा असतो. हे ऐकून बऱ्याच जणींना आश्चर्य वाटतं, पण वैद्यकात याबद्दल दुमत नाही. तीच बाई चौदाव्या, सोळाव्या आठवड्यात, लपतछपत, कुणाच्या तरी अंधाऱ्या खोलीत गेली, तर आम्हाला तिच्या आतड्याला पडलेलं भोक शिवावं लागतं. दोन्ही वेळेला बाई तीच असते आणि गर्भही तोच.

जगात दरवर्षी सुमारे 7 कोटी 30 लाख गर्भपात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले 45 टक्के असुरक्षित, आणि त्या असुरक्षितांपैकी 97 टक्के आपल्यासारख्या विकसनशील देशांत. म्हणजे हा आजार गरिबीचा आहे. मूल नको असणं सगळ्या देशांत सारखंच असतं. मरण मात्र लागोस, ढाका, झाबुआ इथल्या बायकांच्या वाट्याला येतं. आपल्या देशात 2018 ते 2020 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या. केरळात 19, महाराष्ट्रात 33. आणि आपल्या मध्य प्रदेशात? 173. सगळे मृत्यू गर्भपाताचे नव्हेत, रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग अशी बरीच कारणं आहेत. पण ज्या बाईला बाळंतपणात रक्ताची बाटली मिळत नाही, तिला गर्भपातानंतरही ती मिळत नाही. रस्ता तोच, दवाखाना तोच, आणि उशीरही तोच.

कायद्याचं थोडं सांगते, कारण कायदाही दिवस खातो. 1860 साली इंग्रजांनी इथे भारतीय दंड संहिता आणली. त्यात गर्भपात करणाऱ्याला शिक्षा होती आणि करवून घेणाऱ्या बाईलाही होती. हाच कायदा पुढे भारत, पाकिस्तान, बांगलादेश या तिन्ही देशांच्या वाट्याला आला. इंग्लंडने स्वतःपुरता 1967 मध्ये मोकळेपणा आणला. बांगलादेशात तो 1860चा कायदा अजून आहे, पण तिथल्या सरकारने एक वेगळी वाट काढली. पाळी लांबली असेल तर ती आणून देणं ही कुटुंब नियोजनाची सेवा आहे, असं ठरवून 1979 मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. आपल्या बायका जे वाक्य खाली मान घालून बोलतात, "पाळी चुकलीये", त्यालाच तिथे सरकारी नाव मिळालं आणि लाखो बायकांना दवाखान्याचं दार उघडं झालं.

उलट बाजूचं उदाहरण रुमानियाचं. 1966 मध्ये तिथल्या हुकूमशहाने लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपातावर बंदी घातली. जन्म वर्षभरात जवळपास दुप्पट झाले, मग पुन्हा उतरले, आणि बायकांचे मृत्यू मात्र वर्षानुवर्षं चढत गेले. 1989च्या डिसेंबरात राजवट कोसळली आणि नव्या सरकारने पहिल्या काही दिवसांतच ती बंदी उठवली. पुढच्या एकाच वर्षात माता-मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका वर्षात नवे दवाखाने उभे राहिले नाहीत, नवे डॉक्टर तयार झाले नाहीत. बाई सुरुवातीच्याच आठवड्यांत दवाखान्याच्या दारातून आत येऊ शकली, एवढाच फरक पडला. नेपाळमध्येही 2002 पर्यंत गर्भपात केला म्हणून बायका तुरुंगात होत्या. तिथे कायदा बदलला आणि 2004 पासून सरकारी रुग्णालयांत सेवा सुरू झाली.

भारतात 1964 मध्ये शांतिलाल शहा समिती नेमली गेली. तिने काळजीचा विषय धरला तो बायकांच्या मृत्यूंचा. त्यातून 1971चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे. तरीही आजच्या सभेत मी हात वर करायला सांगितलं, तर किती जणींना हे ठाऊक असेल? असू द्या, हात वर करायला लावत नाही. मला स्वतःलाच तो कायदा नीट ठाऊक नव्हता, आणि त्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्या एका बाईने भरली. ते सांगते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी शिकाऊ डॉक्टर होते, कुठल्या रुग्णालयात ते सांगत नाही. झाबुआकडची एक भिलाळा आदिवासी बाई आली, वय असेल सव्वीस-सत्तावीस, बरोबर धाकटी बहीण. दहावा आठवडा. तीन मुलं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. नवरा सुरतेला बांधकामावर. मी तपासलं, सगळं ठीक होतं, अर्ध्या तासाचं काम. मी फॉर्म भरला आणि म्हटलं, "पती के साइन लगेंगे." वॉर्डात सगळेच तसं म्हणायचे, मला शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरही म्हणायच्या. ती म्हणाली, तो होळीला येईल. मी म्हटलं, मग होळीनंतर ये. माझा आवाज कठोर नव्हता, उलट मी समजावून सांगितलं. फॉर्म तिच्या हातात दिला.

ती तीन आठवड्यांनी आली. गावात कुणीतरी गर्भ पाडायला तिच्या गर्भाशयात काडी घातली होती. अंगात ताप, पोट फळीसारखं कडक, वास असा की शेजारच्या पलंगावरच्या बाईने तोंड फिरवलं. आम्ही पोट उघडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचे कपडे बहिणीकडे देताना पदराची गाठ सोडली, तर आत वीस रुपयांची एक नोट आणि चार घड्या घातलेला माझा फॉर्म. नवऱ्याच्या सहीची जागा कोरी.

त्या रात्री मी कायद्याचं पुस्तक काढून वाचलं. नवऱ्याची सही कुठेच नाही. 1971 पासून नव्हती. अठरा वर्षांवरच्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते. आई नको, सासू नको, नवरा नको. अठराच्या खालची असेल तर पालकाची. आजही या शहरात आणि या देशात कितीतरी दवाखान्यांत नवऱ्याला बोलावून आणा असं सांगतात. कुणी भीतीपोटी, कुणी पुढे भांडण नको म्हणून, कुणी केवळ सवयीने. माझ्या त्या एका वाक्याने तिचे तीन आठवडे गेले. मी हे माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला सांगते, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

आता काडीचा काळ बराचसा मागे पडला. एरंडाची काडी, चित्रकाचं मूळ, बिब्बा, असल्या गोष्टींनी होणारे धनुर्वात आणि सेप्टिक आम्ही तरुणपणी जेवढे पाहिले तेवढे आजच्या डॉक्टर पाहत नाहीत. त्याचं मोठं श्रेय गोळ्यांना आहे, आणि त्याची सुरुवात डॉक्टरांनी केली नाही, बायकांनी केली. ब्राझीलमध्ये ऐंशीच्या दशकात पोटाच्या अल्सरवर मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी विकायला आली. गरोदर बाईने घेऊ नये असा इशारा तिच्यावर होता. तिथे गर्भपात बेकायदा. बायकांनी तो इशारा वाचला आणि त्यातून जे कळायचं ते कळून घेतलं. एकमेकींना सांगितलं. काही वर्षांत तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रुग्णालयात रक्तस्रावाने बायका येताहेत, पण पूर्वीसारख्या सडलेल्या गर्भाशयाच्या कमी येताहेत. पुढे शास्त्राने त्या गोळीवर अभ्यास केला. आपल्याकडे मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या दुसऱ्या औषधाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, आणि आता दोन्ही औषधं एका पाकिटात येतात. तेच ते 'किट'.

2015 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, असा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'च्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यातले दवाखान्यात झाले 22 टक्के. 73 टक्के बायकांनी बाहेर गोळ्या घेतल्या. चारातल्या जवळजवळ तिघी! यातल्या पुष्कळ जणी सुखरूप राहतात, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. गोळी वाईट नाही, उत्तम औषध आहे. नवव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरच्या सल्ल्याने घेतली तर बहुतेकींना पुढे काही करावं लागत नाही. बिघडतं ते तिच्या आजूबाजूला कुणी नसल्यामुळे. किती आठवडे झाले हे कुणी विचारत नाही. गर्भ नळीत अडकलाय का हे कुणी पाहत नाही, आणि नळीतला गर्भ या गोळीने पडत नाही, नळी फुटून बाई पोटातल्या पोटात रक्त गमावते. अंगात रक्त आधी किती आहे, हे तर कुणीच विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरची एक बाई सांगते. पिथमपूरच्या पलीकडचं गाव, नवरा तिथल्याच कारखान्यात. टेम्पोच्या मागच्या भागात गोधडीवर झोपवून आणलं होतं. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन 3.8. सासूबाईंनी एक काळी पॉलिथिनची पिशवी माझ्यासमोर धरली. आत किटचं पाकीट. पाच गोळ्यांतल्या दोन घेतलेल्या, तीन शिल्लक. मी विचारलं, या का नाही घेतल्या? ती क्षीण आवाजात म्हणाली, "खून चालू हो गया था, तो सोचा काम हो गया. बची हुई ननद के लिए रख दी." उरलेल्या नणंदेसाठी ठेवल्या. ती बावीस दिवस रक्त वाहत असताना सोयाबीनची काढणी करत होती. कापणीचे दिवस, मजूर मिळत नाहीत, थांबणार कोण? चार बाटल्या रक्त चढवलं, राहिलेला भाग काढला, सातव्या दिवशी घरी गेली. ही वाचली. आपल्या देशात 15 ते 49 वयोगटातल्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे. तुमच्या-माझ्या अंगातून जेवढं रक्त गेल्याने नुसता थकवा येतो, तेवढ्याने तिचं हृदय थांबू शकतं.

राहिलेला भाग काढला म्हटलं, तर त्याबद्दलही थोडं. अजून आपल्याकडे कितीतरी ठिकाणी धातूच्या धारदार चमच्याने गर्भाशय खरवडतात. ते आता करू नये असं जागतिक आरोग्य संघटना किती वर्षं सांगतेय. हाताने ओढायची एक साधी प्लॅस्टिकची निर्वात सिरिंज असते, मोठ्या पिचकारीएवढी. तिला वीज लागत नाही, मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही, बाईला पूर्ण भूल द्यावी लागत नाही. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, दिवे गेलेले असताना ती चालते. माझ्या टेबलाच्या खणात एक आहे, विद्यार्थिनींना दाखवायला. पहिल्यांदा हातात घेतली की प्रत्येकजण विचारते, "एवढंच?" हो, एवढंच. मग अलीराजपूरच्या बाईला इंदूरला का यावं लागतं? कारण तिथे सिरिंज असली तर शिकलेला हात नसतो, आणि तो असला तर त्याची बदली झालेली असते.

आणखी एका गोंधळाबद्दल बोलायलाच हवं. 1994चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा वेगळा आणि गर्भपाताचा कायदा वेगळा. पहिल्याची गरज होती आणि आहे, मुलींची संख्या घटली ती आपल्या डोळ्यांदेखत. पण दोन्ही कायदे लोकांच्या डोक्यात एक झाले. 'गर्भपात हा गुन्हा आहे' अशा पाट्या लोकांनी भिंतींवर रंगवल्या. कितीतरी मेडिकलवाल्यांनी छाप्याच्या भीतीने किट ठेवणं बंद केलं, डॉक्टरांनी हात आखडता घेतला. गुन्हा लिंग तपासणं हा आहे. दोन मुलांनंतर तिसरं नको म्हणून आठव्या आठवड्यात आलेली बाई गुन्हेगार नाही, पण ती पाटी वाचून ती दारातूनच परत फिरते.

आपण मराठी माणसं सावित्रीबाईंच्या फोटोला 3 जानेवारीला हार घालतो, यंदाही घातला. जोतिरावांनी आणि त्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं, कुणी नाव विचारणार नाही. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतलं आणि तो पुढे डॉक्टर झाला. मला त्या घराची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे 'नाव विचारणार नाही'. आपल्या गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीतही गोपनीयतेचं कलम आहे, बाईचं नाव उघड करणाऱ्याला शिक्षा आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका जोडप्याला जे सुचलं होतं, ते कायद्यात लिहायला इतकी वर्षं लागली. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वेही आपलेच. त्यांना त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली, खटले सोसावे लागले.

आणि संततिनियमनाचं म्हणाल तर तो भारही बाईवरच आहे. देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास 38 टक्क्यांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदी किती? 0.3 टक्के. पुरुषाची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची, टाकासुद्धा लागत नाही. माझ्याकडे चौथ्यांदा किट घेऊन त्रास झालेली बाई आली की मी नवऱ्याला आत बोलावते. बहुतेक वेळा तो खाली पार्किंगमध्ये असतो.

2021च्या दुरुस्तीने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि काही विशेष परिस्थितींत 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं. 'नवरा' हा शब्द जाऊन 'जोडीदार' आला. 29 सप्टेंबर 2022ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही हाच हक्क दिला, आणि नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर या कायद्यापुरता तो बलात्कारच धरावा असंही म्हटलं. सरकारी रुग्णालयात ही सेवा मोफत आहे.

आता तुमचे प्रश्न घेते.

(एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं इतकं सोपं केलं तर मुली मोकाट सुटणार नाहीत का?)

आजी, तुम्ही मनातलं बोललात ते बरं केलं. मी माझ्या अनुभवाने सांगते, माझ्याकडे येणाऱ्यांत कुमारिका थोड्या. जास्त करून लग्न झालेल्या, एक-दोन मुलांच्या आया, गळ्यात मंगळसूत्र. आणि ज्या कुमारिका येतात त्या सगळ्यात उशिरा येतात, पाचव्या महिन्यात, सैल कुर्ता घालून, कारण घरात सांगायची भीती. ती मुलगी मोकाट सुटलेली नसते हो, ती पाच महिने एका खोलीत कोंडलेली असते. तिला तुमच्यासारखी एखादी आजी दुसऱ्या महिन्यात भेटली असती तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

(मागच्या रांगेतल्या एका श्रोत्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे भांडी-कपड्याला येणाऱ्या मावशींना दिवस गेलेत, नवरा किट आणतो म्हणालाय, त्यांना काय सांगावं?)

किट घेतलं नाही ना अजून? बरं. शेवटची पाळी कधी आली होती, विचारलंत? त्यांना तारीख आठवणार नाही, सण विचारा. दत्तजयंतीला देवळात आल्या नव्हत्या, अडचण होती म्हणून? छान, मग आज सहा-सात आठवडे झाले असतील, अगदी वेळेत आहोत. तुम्ही त्यांना घेऊन या. आधी सोनोग्राफी करू, रक्त तपासू, मग गोळ्या मीच देईन, आणि माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुम्ही घालून द्या. गोळीनंतर तासाला दोन-दोन पॅड भिजू लागले आणि ते दोन तास चाललं, किंवा ताप आला, चक्कर आली, घाण वास आला, किंवा रक्त अजिबातच आलं नाही, तर रात्र असली तरी फोन करायचा. नवऱ्याला आणायची गरज नाही, सही लागत नाही. आधार कार्ड असेल तर वय लिहायला बरं. उद्या सोमवार आहे, ओपीडी नऊला उघडते. त्यांना उपाशीपोटी आणू नका, सकाळी पोहे खाऊन येऊ द्या. आणि तुमच्या घरची भांडी उद्या राहू द्या.